१२० की २४०? घरातल्या मोठ्या दिव्यांच्या वीजजोडणीचा आढावा

अमेरिका आणि कॅनडात घराच्या तळघरात, गॅरेजमध्ये किंवा एखाद्या रिकाम्या खोलीत दिव्यांच्या उजेडावर झाडे वाढवणारे बरेच लोक आहेत. कुणाला हिवाळ्यात ताजी मिरची-टोमॅटो हवी असतात, कुणी ऑर्किड जपतो. कोलोरॅडोत २०१२ च्या मतदानानंतर आणि कॅनडाच्या बहुतेक प्रांतांत २०१८ पासून कायद्याच्या मर्यादेत गांजाची मोजकी झाडे लावणाऱ्यांचीही त्यात भर पडली. न्यू जर्सी किंवा शिकागोकडची मराठी कुटुंबे बर्फाच्या दिवसांत कढीपत्त्याची कुंडी घरात घेतात आणि तिच्यावर छोटा दिवा लावतात. त्या पन्नास-शंभर वॅटच्या दिव्यापुरता व्होल्टेजचा प्रश्नच नसतो. भिंतीतल्या कुठल्याही सॉकेटवर तो चालतो. एकेक दिवा सहाशे किंवा हजार वॅटचा असला आणि असे तीन-चार दिवे रोज बारा ते अठरा तास चालवायचे असले, की मग विचार करावा लागतो. कारण तिथल्या बहुतेक घरांत दोन व्होल्टेज मिळतात, १२० आणि २४०. मोठे दिवे कशावर चालवावेत याबद्दलची मते, त्यांमागची गणिते आणि अजून न सुटलेले मुद्दे या लेखात क्रमाने मांडले आहेत.

एका घरात दोन व्होल्टेज कशी आली

थॉमस एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याची वीज सुमारे ११० व्होल्टची आणि एकदिश होती. त्या काळच्या कार्बन तंतूच्या दिव्याला साधारण तेवढेच व्होल्टेज मानवत होते. पण कमी व्होल्टेज म्हणजे तेवढ्याच शक्तीला जास्त करंट, आणि जास्त करंट म्हणजे जाड तांबे. तांब्याचा हा खर्च कमी करण्यासाठी एडिसनने तीन तारांची पद्धत आणली. पेनसिल्व्हेनियातल्या सनबरी गावात १८८३ मध्ये ती प्रत्यक्षात आली. दोन टोकांच्या तारांमध्ये दुप्पट व्होल्टेज, मधली तार न्यूट्रल आणि दिवे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना जोडलेले, अशी तिची रचना होती. दिव्याला ११० व्होल्टच मिळत. वहनाचा फायदा मात्र २२० व्होल्टचा होई.

पुढे एकदिश वीज मागे पडून प्रत्यावर्ती वीज आली, तरी तीन तारांची ही मांडणी टिकली. युरोपने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून २२० व्होल्टकडे वळायला सुरुवात केली होती. अमेरिकेत तोवर लाखो दिवे आणि उपकरणे कमी व्होल्टेजची झाली होती, म्हणून तिथे जुना आकडाच हळूहळू ११० वरून ११५, ११७ करत १२० वर स्थिरावला. भारतात ब्रिटिश परंपरेतून वरच्या व्होल्टेजची पद्धत आली आणि आज आपल्या घरात २३० व्होल्ट असतात. त्यामुळे हा वाद मुळात उत्तर अमेरिकेचा आहे.

पॅनेल उघडल्यावर काय दिसते

खांबावरच्या किंवा अंगणातल्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला बरोबर मध्ये एक जोड दिलेला असतो. तिथून न्यूट्रल निघते. दोन टोकांच्या तारा न्यूट्रलच्या तुलनेत प्रत्येकी १२० व्होल्टवर आणि एकमेकींच्या तुलनेत २४० व्होल्टवर असतात. मेन पॅनेलचे झाकण काढले की या दोन तारांना जोडलेल्या दोन पट्ट्या दिसतात. त्यांचे दात आळीपाळीने पुढे आलेले असतात, म्हणून शेजारशेजारच्या दोन जागा नेहमी वेगवेगळ्या पट्टीवर पडतात. एका जागेचा ब्रेकर बसवला की १२० व्होल्टचे सर्किट तयार होते. दोन जागा घेणारा, एकाच दांडीने चालणारा दुहेरी ब्रेकर बसवला की २४० चे. निव्वळ २४० च्या सर्किटला न्यूट्रल लागतच नाही. साधी दोन तारांची केबल वापरली असेल तर तिच्यातल्या पांढऱ्या तारेवर इलेक्ट्रिशियन काळी किंवा लाल टेप गुंडाळतो, म्हणजे पुढे कुणी ती न्यूट्रल समजून हात लावू नये. कपडे वाळवायचे यंत्र, विजेची शेगडी, पाणी तापवायची टाकी ही उपकरणे पूर्वीपासून २४० वरच चालतात. दिवे आणि साधी सॉकेटे १२० वर.

१२० पुरेसे आहे, असे म्हणणारे

या मताचा मुख्य आधार सोय हा आहे. घरभर १२० ची सॉकेटे आधीच असतात. टायमर, एक्स्टेन्शन, वीजमापक या सगळ्या वस्तू १२० च्या, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या. नवीन सर्किट ओढायचे तर परवाना, इलेक्ट्रिशियन आणि तपासणी आली. भाड्याच्या घरात तर मालकाची परवानगीही.

मर्यादा कुठे येते तेही ही मंडळी नाकारत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वीज नियमावलीची पहिली आवृत्ती १८९७ ची. या नियमावलीनुसार तीन तास किंवा त्याहून जास्त सलग चालणारा भार ‘सतत भार’ धरला जातो आणि त्यासाठी सर्किट सव्वापट क्षमतेचे लागते. उलट बाजूने पाहिले, तर सर्किटच्या ८० टक्केच क्षमता वापरता येते. १५ अँपिअरच्या १२० व्होल्ट सर्किटवर १८०० ऐवजी १४४० वॅट आणि २० अँपिअरवर २४०० ऐवजी १९२० वॅट. झाडांचे दिवे सतत भारातच मोडतात. म्हणजे १००० वॅटचा एक जुन्या पद्धतीचा सोडियम दिवा, त्याचा करंट काबूत ठेवणाऱ्या बॅलास्टसकट सुमारे ११०० वॅटचा, एका सर्किटवर आरामात चालतो. दोन चालत नाहीत. एक-दोन दिव्यांपुरता संसार असेल तर १२० सोडण्याचे कारण नाही, असा या बाजूचा निष्कर्ष आहे.

२४० चा आग्रह धरणारे

दुसरी बाजू करंटवर बोट ठेवते. तेवढेच वॅट दुप्पट व्होल्टेजवर घेतले तर करंट निम्मा होतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज पाव होते. २० अँपिअरच्या २४० व्होल्ट सर्किटवर सतत ३८४० वॅट घेता येतात, ३० अँपिअरवर ५७६० वॅट.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. ६५० वॅटचे चार एलईडी दिवे लावायचे आहेत, एकूण २६०० वॅट. १२० व्होल्टवर करंट पावणेबावीस अँपिअरच्या आसपास जातो. २० अँपिअरच्या एका सर्किटवर तीन दिवे लावायचे म्हटले तर १९५० वॅट होतात, म्हणजे मर्यादा तीस वॅटने ओलांडली. तेव्हा दोन सर्किटे, दोन केबली आणि दोन टायमर. २४० वर हाच करंट ११ अँपिअरच्या आत राहतो. १५ अँपिअरचे एकच सर्किट २८८० वॅटपर्यंत चालते, म्हणून तेवढ्यावर भागते, तेही बारीक १४ गेजच्या तारेने.

पण या उदाहरणाची दुसरी बाजूही तपासायला हवी. ‘२४० ने पॅनेलमध्ये जागा वाचते’ असे बरेचदा ऐकू येते. वरच्या हिशेबात १२० चे दोन ब्रेकर दोन जागा घेतात आणि २४० चा एक दुहेरी ब्रेकरही दोनच. ती दोन सर्किटे वेगवेगळ्या पट्ट्यांवर घेतली तर प्रत्येक पट्टीवर पडणारा भारही तंतोतंत २४० इतकाच. घराचे कनेक्शन २०० अँपिअरचे असो की १०० चे, २६०० वॅटचा वाटा तेवढाच जातो. २४० मध्ये वाचतात त्या केबली आणि टायमर, आणि दोन्ही पट्ट्यांवरचा समतोल आपोआप राखला जातो.

बिल खरेच कमी होते का

या चर्चेत सर्वांत जास्त पसरलेला समज म्हणजे २४० वर दिवा लावला की बिल निम्मे होते. हा समज चुकीचा आहे, यावर दोन्ही बाजूंचे जाणकार सहमत आहेत. मीटर युनिट मोजतो. व्होल्टेज दुप्पट आणि करंट निम्मा झाला तरी युनिट तेवढेच.

बचत होते ती तारेतल्या नुकसानीची. पॅनेलपासून २० मीटरवर १२ गेजच्या तांब्याच्या तारेने ११०० वॅटचा दिवा जोडला असे धरू. जाण्या-येण्याच्या ४० मीटर तारेचा रोध ०.२१ ओहमच्या आसपास भरतो. १२० व्होल्टवर ९.२ अँपिअरने जवळपास १८ वॅट तारेत जिरतात आणि दिव्यापाशी पोचेपर्यंत सुमारे दोन व्होल्ट कमी होतात. २४० वर नुकसान साडेचार वॅटच्या आसपास. फरक १३ वॅटचा. रोज १२ तासांनी वर्षाला साधारण ५८ युनिट. युनिटला १६ सेंट धरले तर नऊ-साडेनऊ डॉलर. तार जितकी लांब आणि भार जितका मोठा, तितका हा आकडा वाढतो. अंगणापलीकडच्या शेडपर्यंत वीज न्यायची असेल तर तो दुर्लक्ष करण्याजोगा राहत नाही. पॅनेलशेजारच्या खोलीत मात्र तो नगण्य आहे.

दुसरी बचत दिव्याच्या आतली. एलईडीचा ड्रायव्हर प्रत्यावर्ती वीज घेऊन एकदिश करतो. कमी व्होल्टेजवर त्याला जास्त करंट ओढावा लागतो, म्हणून त्याच्या भागांत थोडी जास्त उष्णता तयार होते. त्यामुळे एकच ड्रायव्हर २४० वर काहीसा जास्त कार्यक्षम निघतो. संगणकाच्या पॉवर सप्लायना दिल्या जाणाऱ्या ‘८० प्लस’ दर्जाच्या कोष्टकांतही हे दिसते. ‘गोल्ड’ दर्जासाठी निम्म्या भारावर ११५ व्होल्टच्या कोष्टकात ९० टक्के कार्यक्षमता मागितली आहे, तर २३० व्होल्टच्या कोष्टकात ९२. दिव्यांच्या बाबतीत फरक साधारण याच मापाचा असतो, पण मॉडेलनुसार बदलतो. जुन्या चुंबकी बॅलास्टला हा फायदा फारसा लागू होत नाही.

थंडाव्याचा हिशेबही व्होल्टेजने बदलत नाही. २६०० वॅटचे दिवे खोलीत जवळजवळ पाऊण टनाच्या एसीला पुरेल एवढी उष्णता सोडतात, मग ते कशावरही चालोत.

सुरक्षिततेचा मुद्दा

‘२४० चा शॉक दुप्पट घातक’ ही भीती अमेरिकी घराला सरसकट लागू होत नाही. तिथल्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्टवरच असतात. ओल्या फरशीवर उभे राहून एका तारेला हात लागला तर १२० चाच धक्का बसतो. दोन्ही तारांना एकदम हात लागला तरच २४० चा. आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे, इथे फेजला हात लागला की सरळ २३० व्होल्ट.

२४० मध्ये एक वेगळीच मेख आहे. तिथे दोन्ही तारा जिवंत. एकेरी टायमर किंवा स्विच वापरला तर तो एकच तार तोडतो. दिवा विझतो, पण दुसऱ्या तारेमुळे त्याच्या आतले भाग जिवंत राहतात. विझलेला दिवा सुरक्षित समजून कुणी उघडला तर अपघात ठरलेला. म्हणून २४० साठी दोन्ही तारा तोडणारा स्विच आणि तेवढ्या व्होल्टेजचा टायमर घेण्याचा सल्ला दिला जातो.

१२० ची बाजूही निर्धोक नाही. पंधरा अँपिअरचे जुने सॉकेट रोज सोळा तास मर्यादेच्या काठावर चालवले की प्लगचे पाय सैल होतात, सांधा तापतो आणि प्लास्टिक काळे पडते. शिवाय पॅनेलकडे येणारी न्यूट्रल तुटली तर १२० वरच्या उपकरणांना भलतेच व्होल्टेज मिळू शकते. २४० वरच्या दिव्याला याची झळ बसत नाही.

गळती पकडून वीज तोडणारे ब्रेकर अमेरिकेत सुमारे ५ मिलिअँपिअरला ट्रिप होतात. आपल्या घरातला असाच ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, सहसा ३० मिलिअँपिअरचा असतो. नियमावलीच्या २०२० च्या आवृत्तीने तळघर आणि गॅरेजमधल्या २५० व्होल्टपर्यंतच्या सॉकेटांनाही हे संरक्षण लागू केले. एलईडी ड्रायव्हरच्या फिल्टरमधून थोडी गळती स्वाभाविकपणे होतेच. एकाच ब्रेकरवर अनेक ड्रायव्हर आले की ती साचते आणि दोष नसतानाही ब्रेकर पडतो. संरक्षण हवेच, पण ते रोज पडत असेल तर लोक ते काढून टाकतात, अशी ही पेचाची जागा आहे.

नियमावली काय म्हणते, आणि अर्थ कुठे फाटतो

आढाव्यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग हा आहे. राष्ट्रीय नियमावलीच्या २१०.६ या कलमात निवासी घरांसाठी एक मर्यादा आहे: प्रकाशदिव्यांना वीज देणाऱ्या तारांमध्ये १२० व्होल्टपेक्षा जास्त नको. प्लगने जोडलेल्या १४४० व्होल्ट-अँपिअरपर्यंतच्या भारांनाही हीच अट आहे. १४४० हा आकडा म्हणजे १५ अँपिअर सर्किटच्या ८० टक्के, हे वर आलेच आहे. या मर्यादेमागचे एक कारण जुन्या स्क्रूच्या होल्डरशी जोडले जाते: होल्डरचे बाहेरचे आट्यांचे कवच न्यूट्रलला जोडलेले असले की बल्ब बदलताना धोका कमी; २४० मध्ये न्यूट्रलच नसल्याने ते कवचही जिवंत राहते.

शब्दशः वाचणाऱ्यांच्या मते प्रश्न इथेच संपतो. नियमावलीतली प्रकाशदिव्याची व्याख्या बरीच व्यापक आहे: प्रकाशस्रोत, तो धरून ठेवणारे भाग आणि त्याला वीज जोडण्याची सोय, असे पूर्ण एकक. झाडांचा दिवा त्यात बसतो, म्हणून राहत्या घरात तो १२० वरच हवा.

दुसऱ्या वाचनानुसार हे कलम माणसांना उजेड देणाऱ्या दिव्यांसाठी लिहिलेले आहे आणि झाडांचा दिवा हे एक उत्पादनाचे उपकरण आहे. २०२० च्या आवृत्तीत बागायती प्रकाशयोजनेसाठी स्वतंत्र भाग जोडला गेला आणि अशा दिव्यांना मान्यताप्राप्त चाचणीचा शिक्का आवश्यक ठरला, हे ते दाखवून देतात. मात्र त्या भागाने २१०.६ ची मर्यादा उठवली असे स्पष्ट कुठे लिहिलेले नाही, हे उत्तरही लगेच मिळते. तिसरा गट जागेचा भेद करतो: घरापासून सुटी शेड किंवा वेगळे गॅरेज म्हणजे ‘निवासी घटक’ नव्हे, म्हणून तिथे ही अट येत नाही.

शेवटी अर्थ लावण्याचा अधिकार स्थानिक निरीक्षकाचा. प्रत्येक राज्याने किंवा शहराने नियमावलीची कोणती आवृत्ती स्वीकारली तेही वेगवेगळे. त्यामुळे एका गावात मंजूर झालेली जोडणी शेजारच्या गावात नामंजूर होऊ शकते. आगीच्या विमादाव्यात परवान्याशिवायची जोडणी आड येऊ शकते, याकडे दोन्ही बाजू लक्ष वेधतात.

सदनिकांमधला तिसरा आकडा

मोठ्या इमारतींमध्ये आणखी एक अडचण असते. तिथे अनेकदा थ्री-फेज वीज येते आणि प्रत्येक सदनिकेला त्यातल्या दोन फेज व न्यूट्रल मिळतात. न्यूट्रलशी १२० व्होल्ट, पण दोन फेजमध्ये २४० ऐवजी २०८. बहुतेक एलईडी ड्रायव्हरना याचे सोयरसुतक नसते; ते आपला करंट वाढवून तेवढेच वॅट देतात. २४० साठी जोडलेला चुंबकी बॅलास्ट मात्र २०८ वर मंद चालतो, म्हणून त्याला २०८ ची वेगळी तार काढलेली असते. ‘आमच्याकडे दोनशेचाळीस आहे’ असे धरून चालण्याआधी मोजून घेतलेले बरे.

एलईडीने वादाचा सूर कसा बदलला

हा वाद सोडियम दिव्यांच्या काळात तापला. यूटा स्टेट विद्यापीठाच्या जेकब नेल्सन आणि ब्रूस बगबी यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत सर्वांत चांगले सोडियम आणि सर्वांत चांगले एलईडी दिवे जवळजवळ बरोबरीत होते: प्रत्येक ज्यूलमागे १.६६ ते १.७० मायक्रोमोल प्रकाशकण. त्यानंतर एलईडी पुढे गेले आणि आजचे चांगले दिवे ज्यूलमागे अडीच-तीन मायक्रोमोलच्या घरात आहेत. म्हणजे पूर्वी हजार वॅट लागत तिथे सहा-साडेसहाशेत काम होते. पूर्वी ज्याला २४० घ्यावेच लागले असते, असा एखादा छंदिष्ट आता १२० च्या सर्किटवर भागवू शकतो.

दुसरा बदल ड्रायव्हरच्या पाटीवर वाचायला मिळतो. बऱ्याच पाट्यांवर ‘१००–२७७ व्होल्ट’ असे छापलेले असते आणि खाली प्रत्येक व्होल्टेजचा करंट. असा दिवा प्लग बदलून १२०, २०८, २४० आणि भारतातल्या २३० वरही चालतो. इथून तिथे दिवा नेणाऱ्या मराठी माणसाने ही पाटी आधी वाचावी. ‘२२०–२४०’ एवढेच लिहिलेला ड्रायव्हर अमेरिकेच्या साध्या सॉकेटवर नीट चालणार नाही. भारतात घरगुती पातळीवर निवड व्होल्टेजची नसते. सहा अँपिअरचे सॉकेट की सोळाचा पॉवर प्लग, म्हणजे १३८० वॅट की ३६८०, आणि त्याहून मोठे काम असेल तर सिंगल फेज की थ्री फेज, असा तो प्रश्न आपल्याकडे येतो.

काय ठरले, काय उरले

बिल निम्मे होत नाही, तारेतली बचत अंतर आणि भारानुसार वाढते, बऱ्याच एलईडी दिव्यांना, पाटीवर तसे लिहिले असेल तर, दोन्ही व्होल्टेज चालतात, आणि १२० च्या एका सर्किटची सतत मर्यादा १४४० किंवा १९२० वॅट आहे, एवढे मुद्दे आता वादातीत आहेत.

उरले आहेत ते तीन. झाडांचा दिवा राहत्या घरात २४० वर लावता येतो का, याचे एकमुखी उत्तर नियमावलीत सापडत नाही. ड्रायव्हरची १२० आणि २४० वरची कार्यक्षमता बऱ्याच पाट्यांवर वेगवेगळी दिलेली नसते, त्यामुळे नेमकी बचत ग्राहकाला काढता येत नाही. तिसरा मुद्दा स्पर्धेचा: विजेवरची मोटार आणि हीट पंप आता त्याच पॅनेलमधल्या २४० च्या जागा मागतात, आणि शंभर अँपिअरच्या जुन्या कनेक्शनवर या सगळ्यांना सामावणे कठीण होत चालले आहे.

म्हणून आज हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी एकूण वॅट, रोजचे तास आणि पॅनेलपासूनचे अंतर कागदावर मांडावे. १९२० वॅटच्या आत आणि जवळच्या खोलीत असाल तर स्वतंत्र २० अँपिअर सर्किटवर १२० मध्ये काही कमी पडत नाही. त्यापुढे २४० चे पारडे जड होत जाते, पण ते घेण्याआधी आपल्या भागातल्या निरीक्षकाला २१०.६ चा अर्थ लेखी विचारून घ्यावा; त्याच्या उत्तरावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.